मास्टर धांदलचे सत्तर फूट

आधीच सांगून टाकतो, मी चोर होतो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरून चोरीचा माल माझ्या खाटेखाली होता. सोनं-नाणं न्हाई, त्यात माणसं होती. विहिरीत पडणारी, शिडीवरून घसरणारी, सासरा आला की पलंगाखाली शिरणारी अन् तिथं आधीच लपून बसलेल्या गड्याला रामराम करणारी. संपादक साहेबांनी सांगितलंय, शुद्ध-बिद्धच्या नादी लागू नका, बोलता तसं लिहा. मंग ऐका.

निजामाच्या राज्यात मी जालन्याच्या एका टॉकीजात ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारा. टॉकीज म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. वर पत्रे, खाली जमीन, मागं चार बाकं अन् पुढं पडदा. मशीन एकच. रीळ संपलं की उजेड करायचा, दुसरं चढवायचं, तेवढ्यात पब्लिक शेंगा फोडायचं. मी फळ्यांच्या केबिनमधी शिडीवरून चढून बसायचो. आत इतकं गरम व्हायचं की उन्हाळ्यात अंगात बंडीसुद्धा ठेवत नसे. लोकांना वाटायचं ऑपरेटर म्हणजे कुणी कोटातला साहेब असंल. बरंच होतं, कुणी वर येऊन बघत न्हवतं.

आता धंद्याची गोष्ट सांगतो. तवाच्या हिंदी सिनेमात कथा एकीकडं चालायची अन् 'कॉमिक' एकीकडं. नाटक कंपन्यांचं जुनं वळण होतं ते. हिरो-हिरोईन रडून दमले की मधीच एक जाड्या अन् एक वाळक्या यायचा. पडायचे, मार खायचे, एखादं गाणं म्हणायचे, गेले. कथेशी त्यांचा काडीचा संबंध नसायचा. शिकलेले लोक नाकं मुरडायचे. पण पोस्टर लागलं की बाजारात हिरोचं नाव कुणी विचारत न्हवतं. "कॉमिकला कोण हाय?" एवढंच. आमच्या टॉकीजचे मालक सेठजी मारवाडी, तीन पिढ्यांपासून जालन्यात. ते म्हणायचे, "हिरो बघायला एक माणूस येतो, कॉमिक बघायला गाडी भरून येते. हिरो नसला तरी चालंल, पण कॉमिक पाहिजे म्हणजे बिलकुल पाहिजे."

अन् नेमकं कॉमिकच आमच्यापर्यंत पोचत न्हवतं. का, तर आम्ही चोर. फिल्म तुटायची. तुटली की ब्लेडनं टोक खरवडायचं, केळ्यासारख्या वासाचं सिमेंट, म्हणजे फिल्मचा डिंक, लावायचं अन् जोड दाबून धरायचा. त्यात एखाद-दोन चौकटी, म्हणजे फिल्मवरची बारकी चित्रं, जायच्याच. मंग दोन चौकटी गेल्या का दोन मिनिटं गेली, कोण मोजतो? कथेचा तुकडा कापला तर बोंब होते. कॉमिकचा कापला तर कथेला पत्ताही लागत न्हाई. मनमाडहून निघालेली पेटी औरंगाबादला यायची, तिथून जालना, परभणी, नांदेड. प्रत्येक ठिकाणचा ऑपरेटर आपला आवडता तुकडा काढून घ्यायचा. पब्लिक बिघडलं, एखादं रीळ आलंच न्हाई, की डब्यातला एक तुकडा चढवायचा. लोक खुश, बाकं शाबूत. परभणीवाला मला शिव्या घालायचा, मी औरंगाबादवाल्याला, तो मनमाडवाल्याला. नांदेडला सिनेमा पोचायचा तवा त्यात निसतं रडणं उरलेलं असायचं. नांदेडच्या लोकांची मी आज हात जोडून माफी मागतो.

तर अशाच एका दुपारी मी केबिनमधी भिंग पुसून राह्यलो होतो. खालून बाईचा आवाज आला.

"ऑपरेटर तुमीच का?"

"हाव."

"माझा नवरा तुमच्याकडं हाय म्हणं. दावा."

मी खाली डोकं काढलं. पंचविशीची बाई, हिरवं लुगडं, काखेत भाकरीचं गाठोडं. तोंडावर ना लाज ना भीती. मी म्हणलं, "बाई, माझ्याकडं एक मशीन हाय अन् एक मांजर. दोघांतलं कोणतं तुमचं?"

ती हसली न्हाई. तिनं दारावरच्या फोटोकडं बोट केलं. पुढच्या सिनेमाचे फोटो आधी यायचे, रिळं मागून. फोटोत एक जण हकीमाचं मोठं पागोटं घालून, गालभर मिशा लावून, पलंगाच्या पायाची नाडी बघून राह्यला होता. खाली नाव: मास्टर धांदल.

"ह्यो किसन हाय," ती म्हणाली. "माझा मालक."

बाईचं नाव सरूबाई, केदारखेड्याची. किसन गावच्या जत्रेत सोंगं काढायचा. चालता चालता पडावं तर त्यानंच, अशी त्याची पंचक्रोशीत कीर्ती. पाच वर्षांपूर्वी सिनेमात जातो म्हणून मुंबईला गेल्ता. चिठ्ठी न्हाई, चपाटी न्हाई. गावानं ठरवलं, मेला. अन् सरूबाईच्या भावानं तिचं म्होतूर ठरवलं. म्होतूर म्हणजे विधवेचं किंवा टाकलेल्या बाईचं दुसरं लगीन. नवरदेव पल्याडच्या गावचा, तीन बायका आधीच पोचवलेला. सरूबाई म्हणली, माझा नवरा जित्ता हाय. पंच म्हणले, कशावरून? तेवढ्यात गावातल्या एकानं कापसाची गाडी जालन्याला आणल्ती, त्यानं हा फोटो बघितला अन् गावभर बोभाटा केला. फोटोवर पंचांचा इस्वास न्हाई. मिशाच तेवढ्या दिसतात म्हणले.

"मंग पंच म्हणले, आमी सिनेमात सोता बघू. चालता-बोलता दिसला अन् किसनच असला, तर म्होतूर मोडलं. न्हाई दिसला तर पुनवेला म्होतूर. तवा बाजारच्या दिवशी सगळे येऊन राह्यलेत. नीट दावा, दादा."

आता बाई 'दादा' म्हणली की माझं काळीज पातळ होतं. मी छाती पुढं काढून म्हणलं, "बिनघोर या. तुमचा मालक पडद्यावर असा भिंतीएवढा दावतो."

पेटी आली बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी. सिनेमा जुनाट. पाच साल सगळा मुलूख फिरून, ओरखडे खाऊन आलेला. मी रिळं एकेक करून हातावर उलगडली. नावांच्या पाटीत मास्टर धांदल होता. बाकी अख्ख्या सिनेमात त्याच्या पागोट्याचं टोकसुद्धा न्हवतं. तिसऱ्या रिळात एक नवाकोरा जोड होता, अजून केळ्याचा वास येत होता.

कापला! दुसऱ्या कुणाच्या सिनेमातून कापलं तर कला, अन् माझ्याकडं येताना कापलं तर चोरी, हे मला त्या सकाळी पक्कं कळलं.

माझ्या डोळ्यासमोर तीन बायका पोचवलेला तो नवरदेव उभा राह्यला. मी सेठजीला म्हणलं, "औरंगाबादला जाऊन येतो, पोटात दुखतंय." सेठजी म्हणले, "पोटात दुखायला जालन्यात जागा न्हाई का?" पण सोडलं. मी डब्यातला माझा सगळ्यात लाडका तुकडा खिशात घातला. एक जाड्या बादलीत बसून विहिरीत उतरतो अन् वर येताना बादली येते, जाड्या येत न्हाई, असा. फिल्म रॉकेलसारखी पेटायची तवा. गाडीत शेजारचा बिडी ओढून राह्यलेला अन् माझ्या खिशात ते कारस्थान. अख्खा प्रवास मी उभ्यानं केला.

औरंगाबादचा ऑपरेटर म्हणजे हमीद उस्ताद. माझा गुरूच. जोड लावायला त्यानंच शिकवलं. कापायलाही त्यानंच.

"मास्टर धांदल?" उस्ताद दाढी खाजवत म्हणले. "कौन धांदल? मैं नहीं जानता मियाँ."

"उस्ताद, जोड को अभी केले की बू है."

"केले तो मनमाड में भी मिलते."

मी जाड्याचा तुकडा काढून उजेडाला धरला. उस्तादच्या नजरेत फरक पडला. विडा थुंकून आले, तंबाखूचा मोठा डबा काढला अन् त्यातून एक गुंडाळी. सत्तर फूट. पडद्यावर पाऊण मिनिट. पण द्यायला तयार न्हाईत. "ये हकीम नक्को मांगो. मेरी अम्मा इसको देख के खाना खाती."

शेवटी मी सगळं सांगितलं. केदारखेडा, पंच, पुनव, नवरदेव. उस्ताद कपाळावर हात मारून ओरडले, "अरे कमबख्त! औरत का मामला है, पहले बोलना था ना! ले जा, ले जा जल्दी!"

मी तुकडा उचलला. उस्तादनी जाड्या मात्र ठेवून घेतलाच. मी दारातून विचारलं, कुठं लावायचा? आतून ओरडले, "पलंगवाले सीन के बाद!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. तीनला खेळ. बारापासून केदारखेड्याच्या पाच गाड्या टॉकीजापुढं सोडलेल्या, बैलं रवंथ करून राह्यलेली. मी रिळं काढली. सातव्या रिळात पलंग सापडला. पलंगावर एक म्हातारी आजारी, हिरो उठतो, दाराकडं धावतो, दार उघडतो. हातावर बघताना आवाज कळत न्हाई, निसती चित्रं. दार उघडलं की हकीम आत. मला वाटलं देवच पावला. खरवडलं, चिकटवलं, दाबलं. चूक काय झाली ती पडद्यावर आल्यावरच कळली. पलंग दोन होते. उस्ताद म्हणत होते तो तिसऱ्या रिळातला, लग्नाच्या घरातला, जिथं नवरी आजाराचं सोंग करते. केळ्याच्या वासाचा तो जोड तिथंच होता, घाईत मी पार इसरलो. मी मास्टर धांदल घातला तो हिरोच्या आईच्या मरणात.

खेळ सुरू झाला. सहा रिळं केदारखेड्याचे लोक हूं न्हाई चूं न्हाई, पुढं वाकून बसलेले. पुढच्या ओळीत पंचांचे म्होरके दगडूतात्या, पांढऱ्या मिशा, मांडीवर काठी. बायकांच्या बाजूला सरूबाई. तिचा भाऊ मागं, तोंड आंबट करून.

सातवं रीळ. म्हातारी शेवटचे श्वास घेते. बाया पदरानं डोळे पुसतायत. हिरो टाहो फोडतो, "माँ!" अन् दार उघडतो. दारात मास्टर धांदल.

आता ह्यात एक गंमत असते. फिल्मवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो, वीस चौकटी पुढं छापलेला असतो. मधी तुकडा घातला की आधीच्या सीनचा आवाज घटकाभर नव्या माणसाच्या तोंडी येतो. तर एवढा मिशाळ हकीम दारात उभा राह्यला अन् त्यानं हिरोच्या आवाजात टाहो फोडला, "माँऽऽ!"

काही विचारू नका. लोक जे हसले, पत्रे वाजले. धांदल उंबऱ्याला अडखळला, पलंगाच्या पायाची नाडी बघितली, जीभ चाटून दवा सांगितली, आदबीनं मागं सरकत गेला अन् अंगणातल्या जिलबीच्या पाकाच्या कढईत धप्पकन बसला. अन् लगेच पुढचा सीन. म्हातारी मेलेली, हिरो छाती पिटून राह्यलेला. बायांना रडावं का हसावं कळंना. एक जण ओरडला, "आरं, म्हातारी मरून राह्यली अन् ह्यांच्या घरी जिलब्या काहून?" सेठजी शिडी चढून वर आले, घामाघूम. "काय केलं रे हे?" मंग खाली बघितलं अन् म्हणले, "काही असो, राहू दे. बराबर हाय."

पण पंच काही उठंनात. दगडूतात्यानं काठी आपटली. "उजेड करा! आमाला हसण्यात काही दिसलं न्हाई. फिरून दावा."

मी रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा लावलं. म्हातारी पुन्हा मेली. धांदल पुन्हा "माँऽऽ" करून आला, अन् लोक पुन्हा लोळले. दगडूतात्या सोता एवढे हसले की काठी हातातून सुटली.

"मिशा काढून दावा त्याला!" तात्या डोळे पुसत ओरडले.

मी केबिनमधून ओरडलो, "तात्या, माझा हात तिथवर पोचत न्हाई!"

मागून सरूबाईचा भाऊ बोलला, "कुणीबी असंल. मिशीखाली सगळे सारखेच. चला आता, दिस बुडंल, घरी चला." चार-सहा जणांनी माना हलवल्या. सरूबाईनं पदर घट्ट आवळला. ती एवढंच म्हणली, पण सगळ्यांना ऐकू गेलं: "तात्या, तुमी बघाया आल्ते का हसाया?"

तात्याला ते लागलं. उभे राह्यले, काठी वर केली. "आता तिसऱ्यानं. अन् कुणी हसायचं न्हाई! जो हसंल त्याला गावात पंगतीला बोलावणं न्हाई!"

मी आयुष्यात हजारो खेळ चालवले, पण असा खेळ पुन्हा बघितला न्हाई. तीन-चारशे माणूस कॉमिक बघून राह्यलंय अन् हसायची बंदी. म्हातारी तिसऱ्यांदा मेली. "माँऽऽ" झालं. कुणी पागोट्याचा शेव तोंडात कोंबलाय, कुणी शेजाऱ्याच्या दंडाला चावतोय. दगडूतात्याचे गाल फुगून लाल. धांदल मागं सरकला, कढईत बसला. अन् आता, हसण्यात दोनदा वाया गेलेलं, सगळ्यांनी नीट बघितलं. तो पाकातून वर येतो, तोंडावरून हात फिरवतो, अर्धी मिशी पाकासंगं हातात येते, अन् ती हातातली मिशी बघून तो आ वासून, सगळे दात दावून हसतो.

"किसन्याऽऽ!" दगडूतात्या गरजले. "आरं, किसन्याच की हे बेणं! माझ्या पोराच्या लग्नात असाच बसल्ता बुंदीच्या पाकात!"

मंग जी बंदी उठली, ती उठली. लोक हसले, नाचले, एकानं पडद्याकडं टोपी फेकली. सरूबाई मात्र गप बसून होती, पडद्याकडं डोळे लावून. मला वाटलं, आनंदानं वाचा बसली.

अन् ह्या गडबडीत दगडूतात्यानं शिडीखाली येऊन मला विचारलं. म्हातारा लई चाणाक्ष. "ऑपरेटर, हे चित्र कवा काढलेलं हाय?"

आता मला पक्कं ठावं होतं, सिनेमा पाच साल जुना. पाच साल मागं माणूस हसत होता म्हणून आज जित्ता असंल असं थोडंच हाय? खरं सांगितलं असतं तर पुनवेला म्होतूर होतं. तात्याच्या मागं सरूबाई उभी होती. ती माझ्याकडंच बघून राह्यली होती.

"ताजं हाय तात्या," मी म्हणलं. "महिना झाला असंल."

म्होतूर मोडलं. गाड्या जुंपून लोक हसत गेले. सेठजीनं मला त्या दिवशी पेढे चारले. अन् माझी झोप उडाली.

कारण मी काय करून बसलो होतो? धांदल कवाच मेलेला असंल, अन् मी एका तरण्या बाईला पाऊण मिनिटाच्या खोटेपणावर जन्मभर वाट बघायला बसवलं. मुंबईच्या त्या सिनेमा कंपनीला पत्र टाकलं, जवाब न्हाई. उस्ताद म्हणले, "वो कंपनी तो कब की बंद हो गई मियाँ." केदारखेड्याची गाडी बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. डब्यातले तुकडे बघितले तरी हसू येईना. त्या वर्षी मी एकही चोरी केली न्हाई. नांदेडवाल्यांनी खुशीत कळवलं, आजकाल जालन्याहून सिनेमा पुरा येतोय.

वरीस उलटल्यावर मात्र धीर केला. गेलो केदारखेड्याला, कबूल करायला. सरूबाई रानात होती, सोता वखर हाकून राह्यली होती. मला बघून तिनं बैलं थांबवली, बांधावर बसवलं, गाठोड्यातली अर्धी भाकर अन् ठेचा पुढं केला. मी मान खाली घालून सगळं ओकलो. सिनेमा जुना होता, मी खोटं बोललो, तुमचे मालक आज हायेत का न्हाईत ते मला ठावं न्हाई, तुमचं नुकसान केलं, काय शिक्षा द्यायची ती द्या.

ती म्हणाली, "दादा, जातानी किसनचा पुढला दात हलू राह्यलाता. मीच म्हणलं, मुंबईला जायच्या आधी पाडून घ्या. सिनेमात त्यानं आ केला तवा त्यो दात जाग्यावर व्हता. हलता दात पाच साल टिकतो व्हय?"

मी भाकर खाली ठेवली.

"म्हणजे... सिनेमा जुना हाय हे तुमाला तवाच कळलं?"

"तिसऱ्यांदा दावलं तवाच. दात बघूनच गप बसले."

"अन् मी ताजं हाय म्हणलो तवा बोलला काहून न्हाई?"

"बोलले असते तर आज त्या तीन बायकावाल्या मुडद्याच्या चार पोरांची भांडी घाशीत असते." ती उठली, पदर खोचला, कासरा हातात घेतला. "तुमी कशाला जिवाला लावून घेतलं? मला त्याची वाट बघायची न्हवती दादा, मला म्होतूर नको व्हतं. येऊ दे आला तर. भाकर टाकीन. पण बैलं न्हाई देणार त्याच्या हातात."